गावच्या पाण्यात बंदी घातलेले कीटकनाशक: शंका आल्यापासून उपाय होईपर्यंत काय करायचे

ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्वच्छतेचे हिरवे कार्ड मिळाले आहे, जलसुरक्षक रोज टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीत पाणी पिवळे होते. मग पाणी शुद्धच असणार, असे आपण धरून चालतो. या तपासण्या गॅस्ट्रो, कावीळ, अतिसार रोखण्यासाठी आहेत आणि त्या व्हायलाच हव्यात. पण त्यांतली एकही कीटकनाशक शोधत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना जो तपासणी संच दिला जातो, त्यात सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, लोह, नायट्रेट, गढूळपणा, शिल्लक क्लोरीन आणि जिवाणू कळतात. एंडोसल्फान किंवा फोरेट त्यात कधीच दिसणार नाही. म्हणजे ज्या गावाने कीटकनाशकाची तपासणी नाव घेऊन मागितली नाही, त्या गावात ती बहुधा झालेलीच नसते.

ती तपासणी मागायची कशी, नमुना कसा घ्यायचा, अहवाल कसा वाचायचा आणि विष सापडले तर काय करायचे, हे पुढे क्रमाने लिहिले आहे. सरपंच, पाणीपुरवठा समितीचे सदस्य, शिक्षक, आशाताई किंवा गावातला कोणताही जागरूक माणूस हे करू शकतो.

बंदी आली तरी पाण्यात विष का?

कारणे दोन. पहिले, काही रसायने मातीत वर्षानुवर्षे टिकतात. फ्रान्सच्या ताब्यातल्या मार्टिनिक आणि ग्वाडेलूप बेटांवर केळीच्या बागांत १९७२ पासून १९९३ पर्यंत क्लोरडेकोन नावाचे कीटकनाशक वापरले गेले. वापर थांबल्यावर कितीतरी वर्षांनी ते पिण्याच्या पाण्यात सापडले आणि पाणी सक्रिय कोळशातून, म्हणजे विष शोषून घेण्यासाठी खास प्रक्रिया केलेल्या कोळशातून, गाळावे लागले. आपल्याकडे डीडीटी, बीएचसी, आल्ड्रिन ही त्याच जातीची विषे. शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झाले, आल्ड्रिन १९९६ मध्ये, बीएचसी १९९७ मध्ये. पण ती मातीच्या कणांना चिकटून राहतात आणि पावसाच्या गढूळ लोंढ्याबरोबर तलावात किंवा उघड्या विहिरीत उतरतात.

दुसरे कारण जास्त अस्वस्थ करणारे आहे: बंदी आलेला माल घरात, गोदामात, कधी दुकानातही शिल्लक असतो आणि वापरला जातो. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी देशभर बंदी घातली, ती केरळच्या कासारगोडमधल्या काजूबागांच्या परिसरातल्या लोकांचे हाल पुढे आल्यानंतर. ऑगस्ट २०१८ च्या केंद्राच्या आदेशाने १८ कीटकनाशके बंद झाली. त्यांतली मिथाइल पॅराथिऑनसारखी १२ लगेच, तर फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन, अलाक्लोर आणि ट्रायक्लोरफॉन ही सहा ३१ डिसेंबर २०२० पासून. फोरेट म्हणजे आपण ज्याला थिमेट म्हणतो ते दाणेदार औषध. इतकी वर्षे घरोघरी असलेली वस्तू एका तारखेला घराघरातून निघून जात नाही.

आणि विहीर बिघडायला किती लागते, हे आकड्यात पाहा. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ७८ हजार लिटर होते. ३६ टक्क्यांच्या मोनोक्रोटोफॉसची बाटली विहिरीच्या काठावर विसळताना तळाचे फक्त ५ मिली पाण्यात गेले, तर सुमारे १.८ ग्रॅम विष गेले. म्हणजे लिटरमागे साधारण २३ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे १ मायक्रोग्रॅम.

पहिले पाऊल: ताजी घटना आहे की मुरलेले विष, हे ठरवा

विहिरीत कोणी औषध ओतले, पंप धुताना सांडले, मासे-बेडूक मरून वर आले, पाण्यावर दुधाळ तवंग आला किंवा रॉकेलसारखा वास आला, तर ती ताजी घटना. अशा वेळी अहवालाची वाट पाहायची नाही. मोटार बंद करा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, दवंडी द्या, व्हॉट्सअॅप गटावर टाका. पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, अंघोळीला, गुरांना, कशालाही वापरू नका. पोलीस ठाणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. विहीर उपसण्याआधी नमुना घ्या, नाहीतर पुरावाच वाहून जाईल. उपसलेले पाणी ओढ्यात सोडू नका. ते कुठे न्यायचे, हे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला विचारून ठरवा.

कोणाला उलट्या, दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे, श्वासाला त्रास, असे काही दिसले तर १०८ बोलवा आणि औषधाची बाटली किंवा लेबल दवाखान्यात सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. उपचारात कोणते औषध अंगात गेले हे माहीत असणे किती मोलाचे असते, ते तेव्हा सगळ्यांना दिसले.

मुरलेल्या विषाला ना वास, ना रंग. तिथे शंका परिस्थितीवरूनच घ्यायची. सार्वजनिक विहीर शेताच्या मधोमध किंवा उताराच्या खाली आहे का? बोअरभोवतीचा ओटा फुटला आहे का? विहिरीवर फवारणीचे पंप भरले जातात का? वरच्या अंगाला ऊस, कापूस, केळी, द्राक्ष किंवा आले वर्षानुवर्षे घेतले जाते का? यांतल्या एखाद्या प्रश्नाला जरी हो असेल, तरी तपासणी मागायला तेवढे पुरे.

दुसरे पाऊल: नावांची यादी

सगळ्या कामात हे सर्वात महत्त्वाचे, आणि नेमके हेच सुटते. प्रयोगशाळा जे शोधायला सांगितले तेच शोधते. ‘पाण्यात औषध आहे का बघा’ असा नमुना पाठवला, तर उत्तर नेहमीच्याच रकान्यांत येते.

यादी गावातच करायची. जुन्या शेतकऱ्यांशी बसा आणि वीस-तीस वर्षांपूर्वी काय वापरायचे ते विचारा. एंड्रीन, गॅमेक्सिन, डीडीटी, थिमेट ही नावे त्यांच्या तोंडून आपसूक निघतील. मग आजच्या फवारणीबद्दल विचारा. बांधावर आणि नाल्यात पडलेल्या रिकाम्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो काढा. व्यापारी नावाखाली बारीक अक्षरात रासायनिक घटकाचे नाव असते, ते लिहा. बाटलीला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे विचारताना कोणाला आरोपी करू नका. शेतकऱ्याने जे दुकानातून मिळाले ते विश्वासाने वापरले. त्याचीच मुले ते पाणी पितात. तो घाबरून गप्प बसला, तर यादी अपुरी राहील आणि तपासणी फुकट जाईल.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, १८ कीटकनाशकांच्या मर्यादा दिल्या आहेत. ही सगळी यादी तर मागाच, पण तेवढ्यावर थांबू नका. एंड्रीन त्यात नाही, प्रोफेनोफॉस नाही, ग्लायफोसेट नाही, इमिडाक्लोप्रिडही नाही. गावातल्या यादीत असलेली पण मानकात नसलेली नावे अर्जात वेगळी लिहा.

विघटनातून तयार होणारे पदार्थही मागा. फोरेट मातीत फार काळ मूळ रूपात राहत नाही. त्याचे सल्फॉक्साइड आणि सल्फोन होते, ते जास्त टिकतात आणि पाण्याबरोबर खाली उतरतात. नुसते फोरेट शोधले तर ‘आढळले नाही’ असे उत्तर येईल आणि विषारी सल्फोन पाण्यातच राहील. तसेच डीडीटीसोबत डीडीई आणि डीडीडी, एंडोसल्फानसोबत एंडोसल्फान सल्फेट.

तिसरे पाऊल: प्रयोगशाळा आणि अर्ज

ग्रामीण भागात पाण्याच्या प्रयोगशाळांचे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. उपविभागीय प्रयोगशाळेत कीटकनाशक तपासायची यंत्रे सहसा नसतात, म्हणून नमुना वरच्या प्रयोगशाळेकडे पाठवा, असे अर्जातच लिहा. दुसरा मार्ग एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेचा. मान्यता ‘पाण्यातील कीटकनाशक अवशेष’ या कामासाठी आहे का, हे विचारा. इतर तपासण्यांची मान्यता इथे उपयोगाची नाही. खर्च काही हजारांत जातो. ग्रामसभेच्या ठरावाने वित्त आयोगाच्या बंधित निधीतल्या पाण्यासाठीच्या भागातून तो करता येतो का, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

अर्ज साधा असावा: ‘आमच्या गावच्या नळ योजनेच्या विहिरीच्या पाण्याची कीटकनाशक अवशेषांसाठी तपासणी करावी. आयएस १०५०० मधील सर्व १८ कीटकनाशके तसेच सोबतच्या यादीतील घटक व त्यांचे विघटन पदार्थ तपासावेत. प्रत्येक घटकाची किमान मोजणी मर्यादा अहवालात नमूद करावी.’ एक प्रत पंचायत समितीला, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. प्रत्येक प्रतीची पोच घ्या.

यापूर्वी अशी तपासणी झाली होती का, हे माहिती अधिकारात विचारा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘गेल्या पाच वर्षांत या स्रोताच्या कीटकनाशक तपासणीच्या सर्व अहवालांच्या प्रती द्याव्यात’ एवढे पुरेसे आहे.

चौथे पाऊल: नमुना

बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नमुना नेला, तर काही विषे प्लास्टिकलाच चिकटतात आणि मोजणी कमी येते. तपकिरी काचेची, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाची एक लिटरची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागवा. ती पाण्याने विसळू नका. जिवाणू तपासणीच्या बाटलीसारखेच तिच्यातही क्लोरीन मारणारे रसायन आधी घातलेले असू शकते.

निदान तीन ठिकाणचे पाणी घ्या: टीसीएल टाकण्याआधी स्रोतावरचे, टाकीतले आणि शेवटच्या घराच्या नळाचे. बोअर असेल तर पाइपात साचलेले पाणी निघून जाईपर्यंत मोटार चालू ठेवा. बाटली काठोकाठ भरा, लगेच बर्फाच्या डब्यात ठेवा, उन्हात ठेवू नका आणि जमल्यास त्याच दिवशी पोहोचवा. प्रयोगशाळेत साधारण सात दिवसांच्या आत विष वेगळे काढायचे काम सुरू व्हावे लागते. नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी फवारणी केलेली नसावी आणि हाताला डास पळवणारे मलमही नसावे. तारीख, वेळ, जागा, आदल्या दिवशीचा पाऊस हे सगळे लिहा. सरपंच, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचारी यांच्या सह्या घ्या. प्रत्येक जागेची एक जादा बाटली सीलबंद करून प्रयोगशाळेच्याच शीतपेटीत ठेवायला सांगा.

वेळ कोणती निवडता यावर खूप काही ठरते. फवारणीच्या हंगामात पडलेल्या पहिल्या जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवसांत पहिला नमुना घ्या. दुसरा एप्रिल-मेमध्ये, विहिरीचे पाणी तळाला गेल्यावर. जानेवारीतल्या एका स्वच्छ नमुन्यावर वर्षभराचा भरवसा ठेवू नका.

पाचवे पाऊल: अहवाल वाचणे

आधी एकक पाहा. काही अहवाल मिलिग्रॅममध्ये असतात, काही मायक्रोग्रॅममध्ये. ०.००१ मिलिग्रॅम म्हणजे १ मायक्रोग्रॅम. या दशांशाच्या घोळात हजारपट फरक पडतो.

मानकातल्या मर्यादा लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये अशा: आल्ड्रिन-डिलड्रिन ०.०३, अल्फा एचसीएच (एचसीएच म्हणजेच बीएचसी) ०.०१, लिंडेन २, डीडीटी व त्याचे विघटन पदार्थ १, एंडोसल्फान ०.४, मिथाइल पॅराथिऑन ०.३, मोनोक्रोटोफॉस १, फोरेट २, अॅट्राझिन २, क्लोरपायरिफॉस ३०.

आता ‘आढळले नाही’ किंवा ‘बीडीएल’ (मोजता येईल त्याच्या खाली) या शेऱ्याकडे या. त्याच्या शेजारी किमान मोजणी मर्यादा लिहिलेली असते. आल्ड्रिनची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे आणि प्रयोगशाळेचे यंत्र ०.१ च्या खाली मोजतच नसेल, तर तिच्या ‘आढळले नाही’ला काही अर्थ नाही. पाण्यात मर्यादेच्या तिप्पट आल्ड्रिन असले तरी हाच शेरा येईल. असा अहवाल लेखी हरकत घेऊन परत करा आणि फेरतपासणी मागा.

कोणी म्हणेल, गावाला दुसरा स्रोत नाही, म्हणून थोडे जास्त चालते. कठीणपणा किंवा क्षारांच्या बाबतीत मानकात अशी सवलत आहे. कीटकनाशकांच्या बाबतीत नाही. तिथे ‘शिथिलता नाही’ असे स्पष्ट लिहिले आहे.

आकडा मर्यादेच्या आत आला तरी मला त्यावर गप्प बसावेसे वाटत नाही. २००३ मध्ये बाटलीबंद पाण्यात आणि शीतपेयांत कीटकनाशके सापडल्याचे प्रकरण गाजले, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. त्या काळात बाटलीबंद पाण्यासाठी एका कीटकनाशकाला ०.१ आणि सगळ्यांच्या बेरजेला ०.५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आली. युरोपात नळाच्या पाण्यालाही हीच आहे. आपल्या नळाला मात्र क्लोरपायरिफॉस ३० पर्यंत चालते, म्हणजे बाटलीच्या ३०० पट. सगळ्या कीटकनाशकांच्या बेरजेवर त्या १८ जणांच्या तक्त्यात मर्यादाच नाही. गावातले मूल नळाचे पाणी पिते. म्हणून ०.१ च्या वर काहीही दिसले, तर पुढच्या हंगामात पुन्हा तपासायचे, असे ग्रामसभेत ठरवून टाका.

काय सापडले यावरून विष कधीचे तेही बऱ्याच अंशी कळते. डीडीई जास्त आणि डीडीटी नगण्य असेल तर ते जुने, मातीतले. डीडीटी जास्त असेल तर अलीकडचे, मात्र हिवतापासाठीच्या सरकारी फवारणीत डीडीटीला परवानगी असते हे ध्यानात ठेवा. एंडोसल्फान सल्फेट एकटेच दिसले तर जुना वापर. अल्फा आणि बीटा एंडोसल्फानही दिसले तर कोणीतरी अजून वापरत आहे. मिथाइल पॅराथिऑन पर्यावरणात फार टिकत नाही. ते सापडले म्हणजे बंदी मोडून नुकतेच वापरले गेले असण्याची शक्यता मोठी.

सहावे पाऊल: मर्यादेच्या वर आले तर

त्याच दिवशी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तो स्रोत थांबवा. खात्रीसाठी दुसरा नमुना वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवा, पण स्रोत थांबवायला त्याची वाट पाहू नका. अंगणवाडी, शाळा आणि गरोदर बायांच्या घरी आधी दुसरे पाणी पोहोचवा. टँकरचा प्रस्ताव अहवाल जोडून पंचायत समितीकडे द्या. टँकर कुठे भरतो ते विचारा, आणि फवारणीचे पाणी वाहायला वापरलेला टँकर घेऊ नका.

घरात काय करायचे, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. पाणी उकळून ही विषे जातील यावर विसंबू नका; पाणी आटले तर उलट दाट होतात. तुरटी गाळ बसवते, त्यामुळे गाळाला चिकटलेले थोडे खाली बसते, विरघळलेले तसेच राहते. कँडल फिल्टर आणि यूव्ही यांचाही भरवसा नाही. टीसीएलने तर क्लोरपायरिफॉससारख्या विषाचे आणखी तीव्र रूप तयार होते. म्हणून टीसीएल बंद करायची असे मात्र नाही. ती बंद केली तर गॅस्ट्रो आठवड्यात गाव आडवे करेल. स्रोत बदलायचा, टीसीएल चालू ठेवायची.

खरे काम करतो सक्रिय कोळसा, आणि बऱ्याच प्रमाणात आरओ. चुलीतला किंवा बाजारातला साधा कोळसा म्हणजे सक्रिय कोळसा नव्हे. गावपातळीवर बसवायचा तर कोळशाच्या थरात पाणी दहा-पंधरा मिनिटे राहील एवढा मोठा लागतो. ठरावीक काळाने कोळसा भरून जातो आणि मग विष सरळ पलीकडे येते. चव किंवा रंगावरून ते कळत नाही. म्हणून बदलायची तारीख आणि गाळलेल्या पाण्याची तपासणी, दोन्ही करारात घाला. गावात पाण्याचे एटीएम असेल तर चालकाकडून त्याच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा कीटकनाशक अहवाल मागा. आरओचे टाकाऊ पाणी विहिरीकडे वाहू देऊ नका, विष त्यातच एकवटलेले असते.

सातवे पाऊल: मूळ बंद करणे

विहिरीपासून पाण्याच्या उताराच्या उलट दिशेने चालत जा. पंप कुठे भरतात, बाटल्या कुठे पडतात, कोणता चर विहिरीत येतो, ते कागदावर काढा. मग ग्रामसभेत ठराव करा: सार्वजनिक विहीर, बोअर, हातपंप आणि नळावर पंप भरणे-धुणे बंद. नुसती मनाई करून भागणार नाही, पाण्याची दुसरी सोय द्यावी लागेल. शिवारात दूरवर एक टाकी आणि औषध कालवायला पिंप ठेवा. बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचे, मग बाटलीला भोके पाडायची. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन २३ मुले दगावली. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवल्याचा संशय होता. भोक पाडलेल्या डब्यात तेलही राहत नाही आणि पाणीही.

विहिरीचा कठडा उंच करा, झाकण घाला, ओटा दुरुस्त करा, सांडपाण्याचा चर फिरवा. बोअरच्या केसिंगभोवतीची फट सिमेंटने बंद करा.

बंदी आलेला माल विकला जात असेल, तर कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात त्यांचे नाव कळते. पक्के बिल, बॅच क्रमांक आणि न उघडलेले पाकीट असेल तर तक्रार उभी राहते. घरातला जुना साठा पुरू नका, जाळू नका, ओढ्यात टाकू नका. यादी करून कृषी विभागाला द्या आणि तो उचलण्याची लेखी मागणी करा. उचलेपर्यंत तो कुलपात ठेवा. सगळे दार ठोठावूनही काही हलले नाही, तर पुण्यातल्या राष्ट्रीय हरित लवादाच्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे गावाला स्वतःच अर्ज करता येतो. तिथे पोचपावत्या आणि सह्यांचे नमुना-पत्रक कामाला येतात.

दुरुस्तीनंतरचा पहिला फेरनमुना पुढच्या पावसाळ्यात, त्याच जागांवरून, त्याच यादीसाठी आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत घ्या, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील. अहवालाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि मूळ फाइल दप्तरात नोंदवून ठेवा, कारण सरपंच आणि ग्रामसेवक बदलले की पुढच्यांना सुरुवात याच कागदांपासून करावी लागेल.